दरीत उतरण्याआधी पठाराकडे पाहा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत सांदण दरीवर आलेला लेख वाचला. छायाचित्रं सुरेख होती. घोटी, बारी, शेंडी करत दरीच्या तोंडाशी असलेल्या साम्रद गावाला जाण्याचा रस्ताही नीट दिला होता. मात्र त्यातल्या दोन गोष्टी तशाच सोडून देता येत नाहीत. ‘आशियातली दुसऱ्या क्रमांकाची दरी’ हे बिरूद ही एक, आणि ‘रात्री काजवे पाहावेत, दुसऱ्या दिवशी सांदण करावी’ हा सल्ला ही दुसरी. पहिली चूक माहितीची आहे, ती दुरुस्त होईल. दुसरीपायी जीव जाऊ शकतो. पत्र लांबलं आहे. जागेअभावी कापावंच लागलं तर सुरुवात कापावी, पाण्याचा हिशेब मात्र आहे तसा छापावा, ही विनंती.

बिरुदाबद्दल थोडक्यात. दुसरी म्हणताना पहिली कोणती, मोजली कोणी आणि मोजलं काय, खोली की लांबी की अरुंदपणा, हे कुठेच लिहिलेलं नसतं. खोली कुणी २०० फूट देतं, कुणी ४००. खरं तर अशा फटीच्या खोलीचा एकच एक आकडा नसतोच. तळ उतरत जातो, काठ वरखाली होतो, दर पन्नास पावलांवर माप बदलतं. सांद म्हणजे फट, सांदीकोपरा म्हणतो त्यातली. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, रतनगड आणि अलंग-मदन-कुलंगच्या शेजारात, घाटमाथ्याच्या ऐन कडेला पडलेली ही सांद. आत काही ठिकाणी दोन माणसं जेमतेम शेजारून जातात आणि वर आभाळाची चिंधी तेवढी दिसते. एवढं सांगितलं तरी पुरे, क्रमांक कशाला हवा?

‘लाव्हा थंड होताना पडलेली भेग’ असंही त्या लेखात होतं. आपला इकडचा सगळा सह्याद्री बेसॉल्टचा, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेला. लाव्हा थंड होताना दगड आकसतो, त्याला तडे जातात, हे खरं. पण ते तडे हात-दोन हात अंतरावरचे आणि बारीक असतात. शेकडो फुटांची दरी त्यातून आपोआप पडत नाही. तिला दगडातली एखादी लांब, सरळ, कच्ची रेघ लागते आणि ती रेघ लाखो वर्षं पोखरणारं पाणी लागतं. घाटमाथ्याचं पाणी कोकणात उतरतं तेव्हा थोड्याशा अंतरात शेकडो मीटर खाली जातं. एवढी ओढ असली की पाणी पात्र रुंद करत बसत नाही. ते खाली कापत सुटतं आणि कड्याकडून मागे मागे, पठाराच्या पोटात शिरत जातं. म्हणून दरी अरुंद, खोल आणि सरळ. हे तपासायला प्रयोगशाळा नको. आत गेल्यावर समोरासमोरच्या भिंती पाहाव्यात. तेच थर दोन्हीकडे त्याच पातळीवर दिसले तर एक बाजू खचलेली नाही, हे कळतं. डोक्याच्या वर भिंतीला कुठे वाटीसारखा गुळगुळीत खळगा दिसला तर तो बहुधा रांजणखळगा, म्हणजे पाण्यात गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी कोरलेला खड्डा. निघोजला कुकडीच्या पात्रात असे खळगे पायाखाली आहेत. इथे पाणी कापत कापत खाली गेलं आणि खळगे भिंतीवर राहिले.

आता पठाराकडे येतो, कारण लेखात नेमकं तेच राहून गेलं आहे.

नाशिककरांना सपाट माथ्याचे डोंगर नवे नाहीत. मनमाडला उतरलं की समोर अंकाई-टंकाई, बागलाणात मुल्हेर-मोरा-हरगड, त्र्यंबकच्या वाटेवर अंजनेरी, पुढे ब्रह्मगिरी. भूगोलाच्या पुस्तकात अशा डोंगरांना मेसा म्हणतात. यांची ठेवण एकदा समजली की अर्ध्याअधिक डोंगरवाटांचं कोडं सुटतं. लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा भरीव काळा भाग झिजायला कठीण, तो उभा कडा होऊन राहतो. त्याच थराचा वरचा भाग वायूच्या फोडांनी जाळीदार झालेला असतो. विहिरी खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो हाच मऊ दगड, आणि त्याचा उतार होतो. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा तांबडा गेरूसारखा पट्टा सापडतो. बोटाने चोळला तर पूड होऊन हाताला लागतो, ओला असला तर चिकणमातीसारखा लागतो. कडा, उतार, कडा, उतार अशी ही चढती रचना. या खडकाला इंग्रजीत ‘ट्रॅप’ म्हणतात तो शब्दही स्वीडिशमधल्या पायऱ्यांवरून आला आहे. आपल्याकडे त्या पायरीला पदर म्हणतात, आणि पदर हा शब्द आम्हाला जास्त नेमका वाटतो.

तो तांबडा पट्टा लहान दिसला तरी डोंगराचं पाणी तोच सांभाळतो. माथ्यावर मुरलेलं पाणी तड्यातड्यांतून खाली येतं, या पट्ट्याशी अडतं आणि आडवं वाहत कड्याच्या अंगाने बाहेर पाझरतं. मार्चमध्ये डोंगर उन्हाने पिवळा पडलेला असताना कड्याच्या मध्यावर एक हिरवी आडवी रेघ दिसते, ती या पाझराची. गडांवरची कड्याच्या पोटातली पाण्याची टाकी पुष्कळदा याच सांध्याला खोदलेली सापडतात. खोदणाऱ्यांना थर ओळखता येत होते.

ही ठेवण माहीत नसली की माणसं कशी अडकतात, ते इथेच सांगतो. पठारावरून खाली पाहिलं तर प्रत्येक नाळ, म्हणजे कड्यातली अरुंद घळ, उतरण्याजोगी दिसते. वरचा उतार मुरमाड असतो, झाडाझुडपांना धरत माणूस भराभर उतरतो. पुढे काळ्या कातळाचा थर येतो आणि नाळ एकदम तुटते. हा तुटका भाग वरून दिसतच नाही, कारण वरच्या उताराने तो झाकलेला असतो. परत वर जायला जावं तर मुरूम पायाखालून निसटतो. अशा वेळी दुसरी नाळ शोधत आणखी खाली जाऊ नये. पदर पकडावा आणि आडवं चालत डोंगराच्या दांडापर्यंत, म्हणजे खाली उतरत गेलेल्या सोंडेपर्यंत यावं. वाट असली तर ती बहुधा दांडावरच असते. उजेड संपत आला असेल तर पदरावर बसून राहावं. अंधारात नाळ उतरू नये. धुक्यात माथ्यावर कडेचा अंदाज येत नाही, पण खालून वर येणारा वारा तोंडावर लागू लागला की कडा जवळ आहे असं धरून थांबावं.

आता पाण्याचा हिशेब.

१ चौरस किलोमीटर पठारावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १० लाख लिटर पाणी होतं. मे अखेरचा वळीव तासाभरात ५० मिलिमीटर देऊ शकतो, म्हणजे ५ कोटी लिटर. समजा त्यातलं निम्मं मुरलं, खळग्यांत साठलं, मातीने धरलं आणि निम्मंच तासाभरात दरीत आलं. तरी सेकंदाला साधारण ७ घनमीटर, म्हणजे २४५ क्युसेक पाणी झालं. गोदाकाठी एवढ्या पाण्याची कुणी दखल घेत नाही. गंगापूर धरणातून २५० क्युसेक सोडले तर नाशिकच्या घाटावर दुतोंड्या मारुतीशी पूर पाहायला गर्दी होणार नाही. पण हेच पाणी २ मीटर रुंदीच्या फटीतून, सेकंदाला अडीच मीटर वेगाने जायचं म्हटलं तर त्याला जवळजवळ १.४ मीटर खोली लागते, म्हणजे साडेचार फूट. मोठ्या माणसाच्या छातीपर्यंत. फट जिथे १ मीटरवर येते तिथे नऊ फूट. आणि माणूस वाहून जायला छातीपर्यंत पाणी लागतही नाही. वेगात आलेलं गुडघाभर पाणी शेवाळलेल्या कातळावर पाय टिकू देत नाही. वेग दुप्पट झाला तर पाण्याचा रेटा चौपट होतो.

या हिशेबात आम्ही पठाराचं क्षेत्र आणि दरीची रुंदी सोयीची धरली आहे. प्रत्येक दरीला आपापले आकडे घालून तो करता येतो. वेळेचा भाग मात्र सगळीकडे सारखाच. पाणलोट लहान आणि चढाचा असला की पाऊस पडल्यापासून लोंढा यायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. दरीत असलेल्या माणसाला तो पाऊस दिसत नाही. वर चिंधीभर आभाळ, तेही निळं असू शकतं. ढग पठाराच्या दुसऱ्या टोकाला फुटतो आणि दरीत ऊन असताना पाणी येतं.

म्हणूनच काजव्यांची आणि सांदणीची जोडी धोक्याची आहे. काजवे भंडारदरा परिसरात मेच्या शेवटच्या आठवड्यापासून पाऊस स्थिरावेपर्यंत दिसतात. ते दिवस वळवाचेच, म्हणजे सकाळ कोरडी आणि दुपारनंतर अचानक गडगडाट. रात्रभर जागून काजवे पाहिलेली मंडळी उशिरा उठतात, दहा-अकराला दरीत शिरतात आणि दुपारी दोन-तीनला सगळ्यात अरुंद भागात असतात. वळवाची वेळ नेमकी तीच. सांदणीला जायचं तर दिवाळीनंतर जावं. नोव्हेंबरमध्ये कुंडांत पाणी जास्त असतं, हिवाळ्यात ते उतरत जातं, एप्रिलपर्यंत बरंच खाली येतं. पहिल्या वळवाची चाहूल लागली की ते वर्ष सांदणीपुरतं संपलं असं समजावं. पावसाळ्यात काठावरून पाहायचं असेल तर तेही कड्यापासून अंतर राखून.

हवामान खात्याचे पिवळे, नारिंगी, लाल इशारे सगळ्यांनाच ठाऊक झाले आहेत, पण ते वाचताना दोन गोष्टी निसटतात. हे इशारे जिल्ह्यानुसार असतात आणि दऱ्या सरहद्दीवर असतात. सांदणीचा माथा अहिल्यानगर जिल्ह्यात, उतार ठाणे जिल्ह्यात आणि नाशिकची हद्द हाकेच्या अंतरावर. त्यामुळे तिन्ही जिल्ह्यांचा इशारा पाहावा लागतो. दुसरं असं की मुसळधार म्हणजे २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर, अति मुसळधार म्हणजे ११५.६ ते २०४.४. मोजमाप चोवीस तासांचं. दिवसभर रिपरिपत पडलेला ६० मिलिमीटर आणि तासाभरात कोसळलेला ६० मिलिमीटर या तक्त्यात एकाच रकान्यात बसतात, दरीत मात्र पहिल्याने दगड ओले होतात आणि दुसऱ्याने माणसं वाहतात. त्यामुळे निघण्याआधी खात्याचा तीन तासांचा तातडीचा अंदाज आणि विजेसाठी ‘दामिनी’ ॲप, दोन्ही पाहावं. हे साम्रदला रेंज असेपर्यंतच. दरीत रेंज मिळत नाही. पठारावर असताना वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत ३० सेकंदांहून कमी वेळ लागला तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. माथा सोडावा, एकट्या झाडाखाली उभं राहू नये, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास परत वर जाऊ नये.

दरीत शिरतानाच पुराची जुनी खूण शोधावी. भिंतीच्या खाचांत, दगडांच्या बेचक्यांत पाला, काटक्या, कधी अख्खा ओंडका अडकलेला असतो. तो जिथे आहे तिथपर्यंत पाणी आलं होतं. खालचा कातळ धुतल्यासारखा स्वच्छ आणि त्याच्या वर शेवाळ, दगडफूल, गवत सुरू होतं, ती रेषाही तेच सांगते. या रेषेच्या वर पोचता येईल अशा जागा जाता जाता लक्षात ठेवाव्यात, म्हणजे ऐन वेळी शोधत बसावं लागत नाही. लोंढ्याची चाहूलही लागते, पण ती फार थोडा वेळ आधी. कुंडातलं नितळ पाणी गढूळ होतं, त्यावर फेस आणि सुका पाला तरंगत येतो, खालच्या अंगाला नव्हे तर वरच्या अंगाला घुमल्यासारखा आवाज येतो, ओल्या मातीचा वास घेऊन गार झोत येतो. यातलं एक जरी जाणवलं तरी पिशव्या सोडून वर चढावं. पुढे पळून उपयोग नाही, पाणी माणसापेक्षा वेगाने येतं. चढल्यावर पाणी ओसरलं असं वाटलं तरी लगेच उतरू नये, कारण दुसऱ्या ओढ्याचा लोंढा उशिरा येतो. २०२२ च्या ऑगस्टमध्ये दुगारवाडी धबधब्याशी पाणी वाढून पर्यटक पलीकडे अडकले होते. ती जागा सांदणीसारखी फट नाही, तरी पाण्याची रीत तीच.

पाण्याखेरीजच्या गोष्टींत दोराबद्दल सविस्तर लिहायला हवं, कारण सध्या हौशी गट तिथेच सगळ्यात जास्त घाई करतात. सांदणीत सुरुवातीला दगडधोंड्यांची उतरण, मग पाण्याची कुंडं आणि त्यापुढे दोर लागणारे कातळटप्पे येतात. शेवटचा दोर खाली ओढून घेतला की मागची वाट बंद झाली. मग कोकणात उतरायचं किंवा वाट पाहायची, तिसरा पर्याय नाही. त्यामुळे ‘जमलं नाही तर परत येऊ’ हा विचार पहिल्या टप्प्याच्या आधीच करून टाकावा. कातळात ठोकलेले जुने बोल्ट दिसले म्हणून ते वापरायचे असं नाही. चार महिने पाण्याखाली राहिलेला बोल्ट बाहेरून चकाकत असला तरी आत गंजलेला असू शकतो. बोल्टभोवतीच्या दगडावर हातोडीने ठोकून पाहावं. टणटण वाजला तर भरीव कातळ, बद्द आवाज आला तर पापुद्रा सुटलेला किंवा फोडांचा जाळीदार दगड, त्यात बोल्ट धरत नाही. भार नेहमी दोन वेगळ्या बोल्टवर विभागावा. दोर १० ते ११ मिलिमीटरचा, न ताणणारा. कातळाची धार जिथे घासते तिथे गोणपाटाची घडी आणि दोराच्या खालच्या टोकाला गाठ. ती गाठ विसरल्याने माणूस दोर संपून खाली पडतो. हेल्मेट सगळ्यांना, उतरून गेलेल्यांनाही. वर वानरं पळाली तरी दगड येतात, आणि अरुंद फटीत बाजूला व्हायला जागा नसते.

गटाच्या आकाराचा हिशेबही करावा. एका माणसाला टप्पा उतरायला, दोर सोडायला, पुढच्याला अडकवायला धरून ७ मिनिटं लागतात असं म्हटलं तर २० जणांना १४० मिनिटं लागतात. तेवढा वेळ उरलेले दरीच्या तळाशी उभे, ओले, सावलीत. ऊन फटीत थोडाच वेळ येतं, कुंडातलं पाणी डिसेंबरमध्ये हाडं गोठवतं, आणि जीन्ससारखं जाड सुती कापड भिजलं की दिवसभर वाळत नाही. दात वाजणं थांबलं आणि माणूस गप्प, सुस्त झाला तर थंडी गेली असं समजू नये, ती आत शिरली आहे. ओले कपडे काढून कोरडे घालावेत, गोड काहीतरी खायला द्यावं, एकट्याला सोडू नये. आठ-दहा जणांपेक्षा मोठा गट या दरीत नेऊच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. पन्नास-साठ जणांच्या बसगाड्या नेणाऱ्यांना हे परवडणार नाही, हे आम्हाला कळतं. तरी आम्ही तेच म्हणू.

कातळाच्या कपारीला आग्या मोहोळ असतं. धूर, अत्तर, आरडाओरडा, ड्रोनची घरघर यांनी ते उठतं. उठलं तर हात झटकू नयेत, तोंड-मान कापडाने झाकून शक्य तितक्या लवकर मोहोळापासून लांब जावं. काटे नखाने खरवडून लगेच काढावेत. धोंड्यांवरून जाताना पाय टाकण्याआधी दगड हलवून पाहावा, दोन धोंड्यांच्या मधल्या फटीत पाय घालू नये. गढूळ कुंडात उडी मारू नये. तळाशी रांजणखळगा आहे की धोंडा, ते दिसत नाही. शौचाचं तेवढंच महत्त्वाचं: फटीत माती नाही, ऊन नाही, त्यामुळे घाण कुजत नाही, पहिल्या पावसात तशीच खालच्या वाड्यांच्या पाण्यात जाते. गावातच उरकून निघावं. पठारावर वेळ आली तर पाण्यापासून दोनशे फूट लांब, वीतभर खड्डा करून बुजवावा.

आता पुन्हा पठार, कारण वरच्या हिशेबातला ‘निम्मं पाणी मुरलं’ हा भाग आपल्या हातात आहे. रस्त्यासाठी किंवा बांधकामासाठी मुरूम खरवडला, माती गाड्यांनी दाबून टणक केली, झाडोरा काढला, तर निम्म्याऐवजी चतुर्थांशच पाणी मुरेल. पाऊस तोच, ५० मिलिमीटर. पण दरीत साडेचार फुटांऐवजी जवळजवळ सात फूट पाणी येईल. मुरलं नाही ते पाणी तांबड्या पट्ट्यापर्यंत पोचणार नाही आणि फेब्रुवारीतच पाझर आटेल. पूर वाढणं आणि झरा आटणं या एकाच खरवडीच्या दोन बाजू आहेत. घाटमाथ्यावर वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो. इगतपुरीला तीन हजारांच्या वर, नाशिक शहरात सातशेच्या आसपास. तरी त्याच घाटमाथ्यावरच्या वाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो तो यामुळेही. ब्रह्मगिरीच्या माथ्याचं एका अंगाचं पाणी गोदावरी होऊन १,४६५ किलोमीटर पूर्वेला जातं, दुसऱ्या अंगाचं वैतरणेने पश्चिमेला. दोन्ही अंगांना ते पोचायचं तर आधी माथ्यावर थांबलं पाहिजे.

पठार दिसतं उजाड, पण त्यावरची माती काही ठिकाणी बोटभर जाडीची असते आणि ती बनायला शेकडो वर्षं लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच बोटभर मातीत सीतेची आसवं, तेरडा, सोनकी येते. अंजनेरीच्या नावाची खरपुडी ही रानवनस्पती २००६ साली शास्त्रीय नोंदीत आली, आणि २०१७ साली अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्र झालं. या खरपुडीचं फूल कंदिलासारखं. खालचा भाग फुगीर, वर नळी आणि टोकाला पाकळ्या एकमेकींना जुळलेल्या. आत शिरलेली चिलटं नळीतल्या केसांमुळे काही काळ अडकून पडतात आणि सुटताना पराग घेऊन जातात. हे फूल गवतात उभं असतं, फोटोसाठी आडवं झालेल्या माणसाच्या कोपराखाली शेजारची दोन रोपं मोडतात. सुट्या दगडांचे मनोरे रचण्याची नवी हौस आली आहे. त्या प्रत्येक दगडाखाली विंचू, पाली, बेडूक यांची उन्हाळ्याची सावली असते. दगड उचलला की ती संपते. कड्यांवर लांब चोचीची गिधाडं हिवाळ्यात घरटी करतात. त्या दिवसांत कड्याच्या कडेला ड्रोन उडवू नये, फटाके तर नाहीच नाही.

आपल्याला विनंती एवढीच. दरी, धबधबा किंवा पठार यांवर लेख छापताना शेजारी एक चौकट असावी. त्यात पाणलोट कोणत्या पठाराचा, कोणते महिने बंद, दरीतून किती वाजेपर्यंत बाहेर पडायचं, परतीची वाट कुठे तुटते आणि रेंज शेवटची कुठे मिळते, हे छापावं. ११२ हा आपत्कालीन क्रमांक रेंज असेल तिथूनच लागतो, हेही. साम्रदसारख्या गावातले वाटाडे पिढ्यान्‌पिढ्या त्या पठारावर गुरं चारत, नाचणी-वरई करत आले आहेत. त्यांनी सकाळी डोंगराकडे पाहून ‘आज नको’ म्हटलं तर त्या दिवशीची मजुरी त्यांना द्यावी आणि गाडी मागे फिरवावी. नाही म्हटल्यावर पैसे बुडतात, म्हणून पुढच्या वेळी ते नाही म्हणायला कचरतात.

ही चौकट यंदा मेच्या दुसऱ्या आठवड्यात, काजव्यांच्या सहलींची नोंदणी सुरू होण्याआधी छापून यावी.

आपले,
नाशिक, इगतपुरी आणि त्र्यंबक परिसरातले काही डोंगरयात्री